मिस्त्रीचा हात थरथरायला हवा होता

“अक्का, हात!”

लातूरच्या आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये हे दोन शब्द मी इतक्या वेळा ओरडले आहे की, शेवटी शेवटी बाकीचे पेशंटच माझ्याआधी ओरडायचे. अक्कांचा डावा हात मशीनला जोडलेला असायचा. दोन जाड सुया, दोन नळ्या. एकीतून रक्त बाहेर यायचं, धुऊन दुसरीतून परत जायचं. सुया टोचलेला हात तेवढा हलवू नका, एवढंच आम्ही पेशंटकडे मागतो. आणि अक्कांचा उजवा हात मोबाइल धरण्यात गुंतलेला. मग भांडायला उरतो कोणता?

भांडण नवऱ्याशी नसायचं, आमच्याशी नसायचं. अंतराळात निघालेल्या एका जहाजावरच्या मिस्त्रीशी असायचं.

अक्का निलंग्याच्या. घरचं कापडाचं दुकान. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, साडी कायम कडक इस्त्रीची. वर्षानुवर्षं अंगात मुरलेल्या ब्लडप्रेशरनं दोन्ही किडन्या खाल्ल्या आणि ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. एक दिवसाआड सकाळच्या एसटीनं त्या यायच्या. पहिल्या दिवशी सोबत धाकटा भाऊ होता. सुया बघून तोच इतका पांढरा पडला की आम्ही खुर्ची त्याला दिली. “अक्का, दुखून राहिलं का गं?” असं तो सारखं विचारत होता. त्याच्या तोंडून ऐकलं म्हणून आम्हीही त्यांना अक्का म्हणायला लागलो.

त्यांची एकुलती लेक पुण्याला. वेळ जावा म्हणून तिनं आईच्या फोनमध्ये देवादिकांच्या मालिका भरून दिल्या होत्या. अक्कांनी दोन दिवस बघितल्या आणि बंद केल्या.

“कामून हो अक्का?” मी विचारलं.

“सगळ्यांचं काय होणार ते मला आधीच माहीत हाय की, पोरी.”

मग कुठंतरी चुकून बोट लागलं आणि ही मालिका सुरू झाली. परदेशातली, हिंदीत आवाज दिलेली. पृथ्वीवरचं पाणी आटलेलं आहे आणि तीनशे माणसं घेऊन एक जहाज दुसऱ्या ग्रहाकडे निघालं आहे. वाट इतकी लांबची की निघालेल्यांपैकी कोणीच पोचणार नाही; पोचली तर नातवंडं पोचतील. अक्कांना हे फार पटलं. “आपल्याला बसायला मिळणार न्हाई अशा झाडाला पाणी घालून राहिलेत बिचारे,” त्या म्हणाल्या.

त्या आवाज मोठा ठेवून बघायच्या. शेजारच्या खाटेवर गुरुजी असायचे. जळकोटकडचे, गणिताचे मास्तर, निवृत्त झाल्यावर शेती बघणारे. आवाजाची तक्रार त्यांनीच केली आणि आठवड्याभरात “कालचा भाग मला नीट दिसला नाही, जरा फोन इकडं करा” असंही तेच म्हणाले. पलीकडचे सलीमभाई उदगीरच्या रस्त्यावर जीप चालवायचे, ते तर मान वाकडी करकरून बघायचे. शेवटी सगळ्यांच्या माना दुखायला लागल्या म्हणून मी ती मालिका भिंतीवरच्या टीव्हीवर लावून दिली. त्या दिवसापासून आमच्या खोलीचं तंत्रच बदललं. जहाजावर धोक्याची घंटा वाजली की आम्ही मशीनकडे धावायचो आणि मशीन वाजलं की पेशंट म्हणायचे, काही नाही सिस्टर, जहाजावरचं आहे.

परदेशी नावं कोणाच्या जिभेवर बसत नव्हती. जहाजाची कप्तान एक करारी बाई होती, तिची झाली पाटलीणबाई. जहाज दुरुस्त करणारा, कमी बोलणारा दाढीवाला तो मिस्त्री. आणि जहाजावरच्या सगळ्यांना जगवणारी, सगळ्यांशी गोड बोलणारी ती डॉक्टरीण. अक्कांचा जीव डॉक्टरिणीवर होता.

एका भागात जहाजाला भोक पडलं. डॉक्टरीण अडकलेल्या माणसाला काढायला आतल्या खोलीत गेली होती. हवा भसाभस बाहेर निघालेली. दार लावलं नाही तर सगळं जहाज जाणार. दाराशी मिस्त्री होता. त्यानं दाराचं चाक फिरवलं. डॉक्टरीण आतच राहिली.

अक्कांनी डोळ्याला पदर लावला. पण खरं बिनसलं ते पुढच्या भागात. तो सुरू झाला तेव्हा मिस्त्री खानावळीत बसून जेवत होता, आणि शेजारच्यानं काहीतरी विनोद केला तर तो हसला.

“अय्यो!” अक्कांचा डावा हात वर गेला.

“अक्का, हात!”

तिथून जो वाद सुरू झाला तो कित्येक महिने चालला. तुम्ही चौकात, पारावर वाद ऐकले असतील. पण सगळे वाद घालणारे मशीनला बांधलेले आहेत आणि कोणालाच उठून जाता येत नाही, असा वाद क्वचितच ऐकला असेल.

गुरुजी म्हणायचे, “एका बाजूला तीनशे जीव, दुसऱ्या बाजूला दोन. यात वाद कसला?”

“दार लावलं म्हणून मी कुठं भांडून राहिले? लावावंच लागलं असंल. पण हात थरथरला का त्याचा? एकदा तरी थरथरायला पाहिजे होता. आन् दुसऱ्या दिवशी हसतो! असा माणूस असतो का, गुरुजी?”

“क्या अक्का, इतना टाइम नहीं रहता उनको,” सलीमभाई म्हणायचे. “रडत बसले तर जहाज कधी चालवणार?”

“मग दाखवायचं कशाला? लिहिणाऱ्यानं मिस्त्रीचा माणूस केलाच न्हाई. दार लावायला कोणीतरी पाहिजे होतं म्हणून उभा केला निस्ता. गोष्ट पुढं ढकलायची म्हणून माणसाला असं वापरावं का?”

नवा पेशंट आला की त्याला आधी विचारलं जायचं, तुम्ही मिस्त्रीकडचे की अक्कांकडचे? एकदा डॉक्टर राउंडला आले आणि अक्कांचं बीपी बघून म्हणाले, “आज इतकं का वाढलं?” खोलीतून दोघा-तिघांनी एकदम उत्तर दिलं, “मिस्त्रीमुळं.” डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी नळीकडे.

या मालिकेवर जगभरचे लोक फोनवर असंच भांडतात, हे लेकीकडून कळल्यावर अक्का हरखून गेल्या. तिनं त्यांना चाहत्यांच्या एका हिंदी गटात घातलं. लिहायला एक हात पुरेना, म्हणून अक्का फोनशी बोलायच्या आणि फोनच ते लिहायचा. निलंग्याचं मराठी त्याला काही झेपायचं नाही. ‘हात थरथरला न्हाई’ याचं त्यानं काय केलं असेल ते असो, पण कुठल्या तरी गावच्या मुलानं उत्तर दिलं, “मौसी, आप सही हो, लेकिन अगला सीज़न देखो.” अक्का दिवसभर सगळ्यांना ते दाखवत होत्या. “बगा गुरुजी, शिकलेली पोरं माझ्या बाजूनं हायत.”

हे सगळं हसण्यावारी सांगते आहे, पण खोली कसली होती ते विसरू नका. डायलिसिसनं माणूस बरा होत नाही. पुढच्या खेपेपर्यंत टिकतो. पाणी मोजून प्यायचं, फळं बंद, मीठ बंद. सुटका एकच, कोणीतरी किडनी द्यायची. आणि आमच्याकडे काम करणाऱ्या कोणालाही विचारा, नवऱ्याला बायको देते, लेकराला आई देते. बाई आजारी पडली की देणाऱ्यांची रांग एकदम आखडते. अक्कांच्या नवऱ्याला साखरेचा आजार, त्यांची चालणार नव्हती. लेकीला दिवस गेलेले. ती द्यायला तयार होती, अक्कांनी फोनवरच तिला झापलं होतं.

तेव्हा भाऊ पुढं आला. कोणी न विचारता आला. खाटेशी उभं राहून म्हणाला, “अक्का, माझी घे.”

“खुळा झालास का? तुझी लेकरं बारकी हायत.”

“मला तू वाढवलंस. माय गेल्यावर कोण होतं मला?”

हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. डॉक्टर म्हणाले, इतकं चांगलं फार कमी वेळा जुळतं. अक्का आधी काही बोलायच्या नाहीत. मग हळूहळू बोलायला लागल्या. एकदा सलीमभाईंनी विचारलं, “किडनी बसली तो पहिलं काय करणार, अक्का?”

“तांब्याभर पाणी पिणार. उभ्यानं. कोणी मोजायला नको.”

तहान काय असते ते तिथं प्रत्येकाला माहीत होतं.

भरती व्हायचा दिवस ठरला. अक्कांनी आमच्यासाठी पेढे आणले, गुरुजींना म्हणाल्या, “मिस्त्रीचं भांडण अर्धं ठेवून चालले, परत येऊन मिटवू.” हैदराबादला निघायच्या दिवशी भाऊ एसटी स्टँडवर आला नाही. फोन बंद. अक्का आणि त्यांचे यजमान दुपारपर्यंत स्टँडवर बसले, आणि मग घरी गेले. पुढच्या खेपेला अक्का नेहमीसारख्या आल्या, खाटेवर आडव्या झाल्या, हात पुढं केला. सुई टोचताना त्या म्हणाल्या, “त्याची बायको लेकरं घेऊन माहेरी गेली म्हणे.” एवढंच.

त्याच आठवड्यात तो आला. मोटारसायकलवरून, अंगावर धूळ, हातात सीताफळांची पिशवी. शेतातली पहिली फळं होती. अक्कांना ती चालत नाहीत, हे त्याला माहीत होतं. त्या गडबडीत सुचलं नसेल. पिशवी कुठं ठेवावी ते त्याला कळेना. मी ती घेतली आणि मलाही कळेना.

तो खाटेच्या पायाशी उभा राहिला. टीव्ही चालूच होता. गुरुजींनी पेपर तोंडापुढं धरला. सलीमभाईंनी डोळे मिटून घेतले.

“अक्का, माझ्यानं न्हाई होणार.”

“हाव.”

“मी येणारच होतो. पण लई भ्या वाटून राहिलं. मला काय झालं तर लेकरांचं…”

“हाव रे. तू जेवलास का?”

त्यानं मान हलवली. हो की नाही ते समजलं नाही. अक्का म्हणाल्या, “बाहेर च्या तरी घे. लांबून आलास.” तो गेला.

अक्कांची खाट खिडकीची. बाहेर रस्त्यापलीकडे चहाचा गाडा. भाऊ तिथं जाऊन उभा राहिला. चहाचा ग्लास हातात घेतला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कोण होतं, काय बोललं, देव जाणे. घरचं लेकरू असेल, काहीतरी बोबडं बोललं असेल. तो हसला. तोंडभरून हसला.

मी अक्कांच्या उशाशी होते. मला दिसलं म्हणजे त्यांना दिसलं. मला त्यांच्या आणि खिडकीच्या मध्ये उभं राहावंसं वाटलं, पण आता राहून काय उपयोग होता? त्या रस्त्याकडे बघत होत्या. हात अजिबात हलला नाही. इतका स्थिर हात मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

मग त्या म्हणाल्या, “गुरुजी.”

“बोला अक्का.”

“लिहिणाऱ्याचं बरोबर होतं. माणूस हसतो.”

गुरुजींनी पेपर खाली घेतला. गुरुजींच्या खाटेवरून ती खिडकी दिसायची नाही. तरी त्यांना सगळं समजलं होतं. ते म्हणाले, “नाही अक्का. चुकलंच त्याचं. हात थरथरायला हवा होता.”

आणि त्या दिवसापासून आमच्याकडचा वाद उलटा फिरला. महिनोन्‌महिने मिस्त्रीची वकिली करणारे गुरुजी त्याला नालायक म्हणायला लागले. सलीमभाई तर तो पडद्यावर आला की तोंड फिरवायचे. नवे पेशंट, जुने पेशंट, झाडायला येणारी मावशी, सगळी खोली मिस्त्रीच्या अंगावर. आणि त्याच्या बाजूनं बोलायला एकट्या अक्का.

“तो हसला म्हणजे त्याला काही वाटलंच न्हाई असं कामून धरता? आपल्याला त्याचं एवढुसं दाखवलंय. खोलीत जाऊन काय करत असंल ते कुठं दाखवलंय?”

“तीनशे माणसांत दुसरा कोणी नव्हता का दार लावायला?” गुरुजी.

“नव्हता. तिथं तोच उभा होता. उभा होता म्हणून त्याच्या वाट्याला आलं. तुमी उभे असता तर?”

“मी लावलं नसतं,” गणिताचे मास्तर म्हणाले.

“असं बसून म्हणता येतंय, गुरुजी.”

आम्ही सगळे कोणाबद्दल बोलतो आहोत ते सगळ्यांना ठाऊक होतं. भावाचं नाव मात्र तिथं कोणी काढलं नाही. कोणाला जाऊन त्याला शिव्या घालता येत नव्हत्या, अक्कांना किडनी देता येत नव्हती. मिस्त्रीला शिव्या घालता येत होत्या, त्या आम्ही घातल्या. आणि अक्का जमेल तितक्या परतवत राहिल्या. कधी कधी वाटायचं, आपण त्यांना दमवतो आहोत. पण वाद थांबला तर खोलीत जी शांतता पडायची ती त्याहून वाईट होती.

पुढचा सीझन आला. सलीमभाईंच्या भाच्यानं सांगितलं होतं की, यात एक अख्खा भाग मिस्त्रीवर आहे. तो रोज त्या बंद दाराशी जाऊन बसतो, बडबडतो, रडतो. आम्हाला वाटलं अक्का आतुर असतील. मी तो भाग लावायला गेले तर त्या म्हणाल्या, “राहू दे.”

“अहो, ज्याच्यासाठी भांडलात ते आता दाखवणार आहेत.”

“मला माहीत हाय त्याच्या मनात काय होतं. लिहिणाऱ्यानं सांगायला कशाला पाहिजे? तुमी बगा. मी जरा पडते.” त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. आम्ही आवाज अगदी बारीक करून तो भाग बघितला. फार चांगला लिहिलेला नव्हता. मिस्त्री जरा जास्तच रडला.

मग सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून जाड केलेली हाताची शीर बंद पडली. एका सकाळी मी बोट ठेवलं तर खाली रक्ताची नेहमीची थरथर नाही, निर्जीव दोरी लागावी तशी शीर. दुसऱ्या हातात केली, ती चालली नाही. मानेत नळी घातली. मानेतली नळी म्हणजे जंतूंना उघडा दरवाजा, हे आम्ही सगळे जाणतो आणि तरी घालतो, कारण दुसरं काही नसतं. ताप यायला लागला. हाडं वर आली, इस्त्रीची साडी अंगावर उभी राहीना. आता दोन्ही हात मोकळे होते, पण वाद घालताना ते उचलायची ताकद राहिली नव्हती. गुरुजी मुद्दाम काहीतरी टोचून बोलायचे. अक्का नुसत्या हसायच्या, “हाव गुरुजी, तुमचंच खरं,” म्हणायच्या. गुरुजींना ते सहन व्हायचं नाही. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, “त्यांना सांगा हो माझ्याशी भांडायला.”

थंडीच्या दिवसांत त्यांच्या यजमानांचा फोन आला. आज येणार नाहीत, म्हणाले. मी विचारलं, परवा? ते म्हणाले, “परवा बी न्हाई.”

आमच्याकडे खाट रिकामी ठेवायची सोय नाही. वाट बघणारे खूप असतात. अक्कांच्या जागेवर दुसऱ्याच खेपेला औशाकडचा एक माणूस आला. आल्याबरोबर त्यानं बातम्या लावायला सांगितल्या. मी गुरुजींकडे बघितलं, सलीमभाईंकडे बघितलं. “लावा,” गुरुजी म्हणाले. मी बातम्या लावल्या.

काही आठवड्यांनी दुपारची पाळी सुरू व्हायच्या आधी मी बाहेर आले तर अक्कांचा भाऊ बाकावर बसला होता. डोक्याचे केस बारीक, हेल्मेट मांडीवर. मला बघून उठला. काय काम आहे विचारलं तर म्हणाला, काही नाही, लातूरला आलो होतो. मग बराच वेळ हेल्मेटचा पट्टा ओढत राहिला.

“सिस्टर, ती माझ्याबद्दल काय बोलायची?”

“काही नाही.”

“शिव्या दिल्या असतील.”

“नाही दिल्या.”

“रडली?”

“नाही. आमच्यासमोर तरी नाही.”

त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, एखादी शिवी मिळाली असती तर त्याला धरायला काहीतरी झालं असतं. माझ्याकडे द्यायला तेही नव्हतं. पण त्याला तसंच परत पाठवणं जमेना. मी म्हटलं, “त्या एक मालिका बघायच्या इथं. तिच्यावरून आमची भांडणं व्हायची.”

“कसली मालिका?”

तो बाकावर बसला, मीही बसले. मी सांगायला लागले. पृथ्वीवरचं पाणी आटतं, जहाज निघतं, तीनशे माणसं. पाटलीणबाई, डॉक्टरीण. डॉक्टर औषध समजावतात तेव्हा माणसं ऐकतात तसा तो जीव कानात आणून ऐकत होता. मान डोलावत होता. जहाजाला भोक पडलं इथपर्यंत मी सांगितलं. डॉक्टरीण आत गेली, सांगितलं. दाराशी मिस्त्री होता, एवढं म्हटलं आणि माझ्या तोंडून पुढचा शब्द निघेना.

त्यानं वाट बघितली.

“मग?” तो म्हणाला. “त्यानं काय केलं?”

आतून मावशींनी हाक मारली, दुपारचे पेशंट आले होते. मी उठले. “मला जायला पाहिजे,” म्हटलं. तो “हाव, हाव, तुमी जा,” म्हणाला आणि बाकावर थोडा सरकून बसला, जसं काही कोणाला तरी तिथं अजून बसायचं होतं.